शिंगं आधी, वजन मागून

अगं, आपल्याकडे गाय घ्यायची म्हटलं की अट ठरलेली: आखूडशिंगी हवी, बहुदुधी हवी, खायला कमी आणि लाथ न मारणारी हवी. अशी गाय कुणाला सापडली नाही, हा भाग वेगळा. आणि तू तिकडे ॲरिझोनाच्या वाळवंटात बसून मला विचारतेस, "ताई, मोठ्या शिंगांची कुठली जात बरी? दूध नको, शेण नको, नुसती शिंगं हवीत." आजी असती तर तिने पदर तोंडाला लावून हसून घेतलं असतं आणि मग मीठमोहऱ्या उतरवल्या असत्या.

पण प्रश्न खरा आहे तुझा. विकनबर्गला राहायला गेलात म्हणजे हे होणारच होतं. ते गाव स्वतःला टीम रोपिंगची जागतिक राजधानी म्हणवतं, आणि हिवाळ्यात सगळ्या देशातले दोरवाले घोडे घेऊन तिथे उतरतात, हे मला इथे टेक्सासात बसून ठाऊक आहे. त्यात पोरगी पंधराची, मैत्रिणी सगळ्या घोड्यावर. लाकडी डमीवर फास टाकून तिचा हात बसला, आता तिला खरी जनावरं हवीत. आणि मेहुण्यांनी कुंपण घालायच्या आधीच सेल बार्नमधले, म्हणजे जनावरांच्या लिलावातले, फोटो पाठवायला सुरुवात केली! त्यांनी पाठवलेला तो पांढरा-तांबडा लाँगहॉर्न बघितला मी. देखणा आहे. दिवाणखान्यात लावण्यासारखा आहे. पण तुझ्या लेकीच्या दोरीखाली तो नको. का, ते नीट सांगते. परळच्या कॉलेजात जनावरांचं शिकले आणि आता इथे स्टीफनव्हिलजवळ त्याच जनावरांच्या खुरांपाशी माझा दिवस जातो, म्हणून थोडा अधिकार माझ्याकडे आहे असं धरून चाल.

आधी खेळ समजून घे, म्हणजे जात आपोआप समजेल. समोरच्या पिंजऱ्यासारख्या चूटमधून खच्ची केलेला गोऱ्हा सुटतो. इथे त्याला स्टिअर म्हणतात. त्याला ठरावीक अंतर आधी पळू द्यायचं. घोड्यापुढे ताणलेली दोरी, म्हणजे बॅरिअर, सुटायच्या आत घोडा निघाला की मोठ्या स्पर्धांत दहा सेकंदांचा दंड. मग डावीकडून हेडर जातो आणि डोक्यावर फास टाकतो. तो तीनच प्रकारे चालतो: दोन्ही शिंगांभोवती, एक शिंग आणि नाक मिळून, किंवा गळ्यात. फास बसला की दोर खोगिराच्या खुंट्याला गुंडाळायचा आणि गोऱ्ह्याला डावीकडे वळवायचं. वळताना तो मागचे दोन्ही पाय जोडीने उचलून उड्या मारतो. त्याच वेळी हीलर त्या पायांत फास सोडतो. एकच पाय सापडला तर पाच सेकंद दंड. दोन्ही दोर ताणले गेले, घोडे समोरासमोर आले, की निशाण पडतं. चांगल्या जोड्यांचं हे सगळं पाच-सहा सेकंदांत आटपतं.

आता बघ, या खेळाला जनावराकडून काय लागतं. शिंगं बाजूला पसरलेली आणि किंचित पुढे वळलेली हवीत, म्हणजे फास बसेल. बुडाशी जाड हवीत, म्हणजे झटका सोसतील. पाय हलके हवेत, म्हणजे वळताना उडी येईल, नुसता फरफटत येणार नाही. आणि वजन बेताचं हवं. व्यावसायिक रोडिओत टीम रोपिंगचा गोऱ्हा ४५० ते ६५० पौंडांचा धरतात, म्हणजे साधारण दोनशे ते तीनशे किलो. सरावासाठी, तेही नवशिक्या पोरीसाठी, या आकड्याच्या खालच्या टोकाशीच राहा.

सगळी मेख इथेच आहे. मांसासाठी पोसलेली जनावरं सात-आठ महिन्यांत पाचशे-सहाशे पौंडांना जातात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर शिंगांची नुसती बोंडं असतात. शिंग दोरीजोगं होईपर्यंत अंगाचा रणगाडा झालेला असतो. रोपिंगला लागतं ते उलटं: शिंग आधी यावं, वजन मागून यावं. कुठलीही जात समोर आली की एवढं एकच माप लाव. रंग, उंची, विकणाऱ्याच्या गप्पा, सगळं नंतर.

या मापाला सगळ्यात चोख उतरते ती कोरिएंटे. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा स्पेनची गुरं गलबतावर चढवून वेस्ट इंडीजला आणली. तिथून पुढच्या तीसेक वर्षांत ती मेक्सिकोत पोचली आणि मग कुणी त्यांच्याकडे फारसं बघितलं नाही. चारशे वर्षं ती डोंगराळ, कोरड्या रानात आपली आपण जगली. जे काटक होतं ते उरलं. म्हणून आजही कोरिएंटेची पूर्ण वाढलेली गाय आठशे पौंडांच्या आसपासच भरते, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे किलो. वैरण कमी, पाणी कमी, खूर लहान आणि टणक, गोचिडांचा त्रास कमी. शिंगं मात्र लवकर येतात, बुडाशी भरीव असतात, बाजूला निघून पुढे आणि वर वळतात. १९८२ मध्ये अमेरिकेत या जातीची संघटना निघाली आणि नोंदवह्या सुरू झाल्या, तोवर तिला कुणी जात म्हणायलाही तयार नव्हतं.

पळण्याचं म्हणशील तर ती सरळ आणि एका लयीत पळते. डोकं वर धरते. हेडरला शिंगं दिसतात, हीलरला उडी मिळते. आपल्या लेकीला अजून वेळ साधायला शिकायचं आहे, तिला असंच जनावर हवं. वीस वेळा एकसारखं पळणारा गोऱ्हा मिळाला की चूक आपली की जनावराची हे पोरांना कळतं. रोज वेगळं वागणाऱ्या जनावरावर पोरं शिकत नाहीत, फक्त चिडतात.

कोरिएंटेलाही खोड्या आहेत, ते लपवत नाही. अंगाने हलकी, म्हणून कुंपणावरून उडी मारायला तयार. मेहुण्यांनी घोड्यासाठी घातलेलं ते चार फुटी पांढरं कुंपण तिला पायरीसारखं आहे. आणि बाजारात विकायला गेलीस तर पौंडामागे भाव अँगस वगैरे मांसाच्या जातींपेक्षा कमी मिळतो, कारण अंगावर चरबी नाही. घेतानाच हे हिशेबात धर.

तू म्हणालीस ना, "आपल्या खिलारची शिंगं काय कमी आहेत?" कमी नाहीतच. पण खिलारची शिंगं कपाळापाशी जवळजवळ उगवतात, मागे झुकतात आणि मग तलवारीसारखी वर जातात. मिरवणुकीत त्याला तोड नाही, पण त्यावर टाकलेला फास वरच्या वर घसरून जाईल. देवणी, डांगीची शिंगं त्यामानाने आखूड. आपले पूर्वज जनावराला वेसणीने आणि कासऱ्याने धरत आले, शिंगाला दोर टाकून पळवत नव्हते, त्यामुळे तसली शिंगं निवडून जोपासायची गरजच त्यांना पडली नाही.

आता लाँगहॉर्न. त्याचं रक्तही त्याच स्पॅनिश गुरांचं, पुढे टेक्सासच्या माळावर त्यात इतरही मिसळलं. एके काळी लाखोंनी असलेली ही गुरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आली होती. १९२७ मध्ये सरकारने ओक्लाहोमाच्या विचिटा माउंटन्समध्ये एक छोटा कळप राखला म्हणून ती टिकली. १९९५ पासून लाँगहॉर्न टेक्सासचा राज्यप्राणी आहे. इथे कुणासमोर लाँगहॉर्नला नावं ठेवून बघ, जेवायला बोलावणार नाहीत. मीही ठेवत नाही. स्वभावाने बहुतेक वेळा गरीब, उन्हाला पक्का, आजाराला सहजी दाद न देणारा.

पण पैदास कशासाठी होते ते बघ. गेली कित्येक वर्षं लाँगहॉर्नवाले शिंगांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या इंचांवर बक्षिसं देतात, आणि शंभर इंचांच्या पलीकडे गेलेली जनावरं आहेत. अशा घराण्यातला गोऱ्हा आठ-दहा महिन्यांचा असताना दोरीला छान वाटतो. शिंगं आली, वजन हलकं, सगळं जमलं. पुढचा हिवाळा येईतो तीच शिंगं आडवी वाढून चूटच्या तोंडाशी अडायला लागतात. मोठा लाँगहॉर्न मान तिरकी करून अरुंद दारातून हुशारीने जातो, हे खरं. पण मागून दुसरा ढकलतोय, माणसं ओरडतायत, अशा वेळी ती हुशारी चालत नाही. शिंग गजाला आपटतं. शिवाय रुंद शिंगांना मोठा फास लागतो, आणि मोठा फास टाकायची सवय लागलेली पोरगी स्पर्धेत कोरिएंटेसमोर गेली की तिचा दोर सैल पडतो. म्हणजे सराव एका मापाचा, परीक्षा दुसऱ्या मापाची.

"मग टोकं कापू की," असं मेहुणे म्हणतील. टोकाचा थोडा मेलेला भाग काढता येतो, आपल्याकडे शिंगं साळतात तसंच. पण शिंग म्हणजे नख नव्हे. आत हाडाचा जिवंत गाभा आहे, त्यात रक्त खेळतं, आणि बुडाशी तो पोकळ होऊन कपाळाच्या पोकळीला जोडलेला असतो. घाईने वर कापलं तर चिळकांडी उडते, आणि भोक उघडं राहिलं तर पू थेट कपाळात. ते काम व्हेटकडूनच करून घे.

लाँगहॉर्न अगदी बादच का? नाही. रोपिंग संपल्यावर तो कुणाच्या तरी कुरणाची शोभा म्हणून विकला जातो, त्याला गिऱ्हाईक असतं. कोरिएंटेला ते भाग्य सहसा नाही. आणि कोरिएंटे-लाँगहॉर्न संकर तर इतके झालेत की बाजारात शिंग दिसलं की त्याला कोरिएंटे म्हणून मोकळे होतात. बेताची शिंगं, हलकं अंग असेल तर संकर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त शुद्ध म्हणून शुद्धाचा भाव देऊ नकोस.

आता वाटुसी. यूट्यूबवर बघून तुला सगळ्यात जास्त तोच आवडला, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं! आफ्रिकेतल्या युगांडा-रवांडाकडची ही गुरं प्राणिसंग्रहालयांच्या वाटेने अमेरिकेत आली. शिंगाच्या घेराचे विक्रम यांच्याच नावावर. अर्कान्सासमधल्या लर्च नावाच्या बैलाच्या एका शिंगाचा घेर २००३ मध्ये ९५ सेंटिमीटरच्या वर मोजला गेला. शिंग आतून मधमाशांच्या पोळ्यासारखं, त्यातून रक्त फिरतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते, असं त्याचं शास्त्र.

शुद्ध वाटुसी रोपिंगला आणणं म्हणजे वेडेपणा. पण वाटुसी वळू कोरिएंटे किंवा लाँगहॉर्न गाईवर सोडून झालेली वासरं दोरवाले मुद्दाम शोधतात, आणि त्यात तथ्य आहे. वासरू जन्मताना लहान, शिंग लवकर आणि बुडाशी जाड, पाय लांब, पळ जोरात. माझं लाडकं माप, शिंग आधी आणि वजन मागून, याला ते कधी कधी कोरिएंटेपेक्षाही चोख उतरतात. तरी तुला नको म्हणते, कारण पळ जास्तच आहे. सुटला की बाण. मुरलेला हेडर आणि वेगवान घोडा असेल तर मजा आहे. तुमचा तो पंधरा वर्षांचा शहाणा घोडा त्याच्या मागे लागून दमेल, पोरगी घाईने दोर खुंट्याला गुंडाळायला जाईल, आणि तिथेच मला भीती वाटते.

हे जरा कान देऊन ऐक. दोर खुंट्याला गुंडाळताना अंगठा वर ठेवायचा असतो. तो दोर आणि खुंट्याच्या मध्ये सापडला तर गेला. रोपिंगच्या मैदानात अंगठ्याचं पेर नसलेली माणसं तुला दिसतील, विचारू नकोस, समजून जा. जनावर जितकं जड आणि वेगवान, तितका झटका मोठा. जातीची निवड म्हणजे पोरीच्या हाताची निवड आहे. मेहुण्यांना बाकी काही पटलं नाही तरी हे पटेल.

इतर जातींवर वेळ घालवत नाही. शिंगांचा हेरफर्ड अंगाने जड आणि त्याची शिंगं खाली वळतात. स्कॉटलंडचा तो केसाळ हायलँड विकनबर्गच्या उन्हाळ्यात उभा राहिला तरी पुष्कळ. फ्लोरिडात क्रॅकर नावाची जुनी स्पॅनिश गुरं आहेत, कोरिएंटेची चुलतभावंडंच म्हण, पण ती तुझ्यापर्यंत कशाला येतात! ब्राह्मण नावाची गुरं मात्र तुला जागोजाग दिसतील. वशिंड, लोंबते कान, गळ्याखाली पोळी, बघून डोळ्यांत पाणी येईल इतकी घरची. आहेतच घरची. आपल्याकडून गेलेल्या तीनशेहूनही कमी जनावरांतून ही जात इथे उभी राहिली: गुजरातची कांकरेज आणि गीर, आंध्रची ओंगोल, आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली. त्यांचं रक्त असलेली वासरं दुसऱ्या प्रकारच्या रोपिंगला, म्हणजे वासराला दोर टाकून पाय बांधायच्या खेळाला वापरतात. टीम रोपिंगला ते लांब कान फासात येतात आणि डोकं फार तापट. लांबूनच नमस्कार कर.

आता बाजाराचं. शुद्ध कोरिएंटे गोऱ्हे पूर्वी चिवावा, सोनोरा, दुरांगो या मेक्सिकोच्या राज्यांतून कळपाने यायचे. २०२४ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोच्या दक्षिणेला स्क्रूवर्म माशी सापडली आणि अमेरिकेने सरहद्द बंद केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडली, मे महिन्यात परत बंद. जुलैत तुमच्याच ॲरिझोनातलं डग्लसचं सरहद्दीवरचं नाकं उघडलं आणि दोन दिवसांत पुन्हा बंद झालं. परिणाम काय, तर इथल्या इथे पैदास झालेल्या शिंगवाल्या जनावरांचे भाव चढले आणि त्याबरोबर काहीही कोरिएंटे म्हणून खपवणाऱ्यांचंही फावलं.

ही माशी साधी नव्हे. जखमेच्या कडेला अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. आपल्याकडे जखमेत किडे पडलेलं जनावर तू आजोळी बघितलंयस, त्याच्या कितीतरी पट. अमेरिकेने १९६० च्या दशकात तिला हाकललं ते निपलिंग आणि बुशलँड या दोघांच्या युक्तीने: कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, किरणोत्साराने त्यांना वांझ करायचं आणि विमानातून सोडायच्या. मादी आयुष्यात एकदाच जुगते, ती वांझ नराशी जुगली की वंश खुंटतो. हे तुला सांगायचं कारण एवढंच की शिंगाच्या बुडाशी दोराने घासून झालेली जखम हे त्या माशीचं हक्काचं घर आहे. रोज संध्याकाळी प्रत्येक डोक्यावरून हात फिरव. ओलं लागलं, वास आला, जनावर डोकं झटकत असलं की त्याच दिवशी व्हेटला फोन.

आणि शिंगाचे पट्टे. त्याशिवाय एकही धाव नको. जाड नमदा, वर चामडं किंवा रबर, ते दोन्ही शिंगांच्या बुडाभोवती आणि मधल्या टाळूवरून बसतं आणि पट्टीने आवळलं जातं. बांधताना कान बाहेर आहेत का बघ, पट्ट्याखाली बोट जेमतेम सरकतंय का बघ. सैल पट्टा झटक्यासरशी डोळ्यावर उतरतो, घट्ट पट्टा कानामागचं कातडं सोलतो. सराव संपला की लगेच काढायचा. रात्रभर पट्टे तसेच ठेवणारे आळशी लोक असतात. त्यांच्या जनावरांच्या कानामागे केस गेलेले, कातडं पांढरं पडलेलं दिसतं. विकत घेताना तिथेच आधी बघ. विकणारा काय वागवतो ते त्या चार बोटं जागेत लिहिलेलं असतं.

घ्यायला जाशील तेव्हा कळप चालताना बघ, उभा असताना नव्हे. एक-दोन लंगडत असतील, कुणी मान खाली घालून चालत असेल, कुणी माणूस बघून उलटा वळत असेल, ते सोड. शिंगं दोन्ही एका उंचीला निघालीत का, एखादं खाली लोंबतंय का, हे समोरून बघ. आणि सगळे एका अंगाचे घे. एक तीनशे पौंडांचा, एक सहाशेचा, अशी जत्रा घेऊन येऊ नकोस. "ताजे आहेत का वापरलेले" हे विचारायचं. ताज्या जनावराला अजून दोर माहीत नाही, ते जोरात पळतं. फार वापरलेलं जनावर चूटमधून निघून चार ढांगांत थांबतं किंवा कुंपणाला चिकटतं. तुम्हाला मधलं हवं, थोडं मुरलेलं. कालवडीही चालतात, त्या हलक्या असतात आणि रोपिंगला गोऱ्ह्याइतक्याच धावतात.

घरी आणल्या आणल्या दोर काढायचा नाही. आधी काही दिवस चूटमधून सोडून मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या कोंडवाड्यापर्यंत नुसतं हाकायचं. पुढे दार उघडं आहे, पलीकडे पाणी आणि वैरण आहे, हे त्यांना कळलं की ती सरळ पळतात. जात कितीही चांगली घेतलीस आणि हे केलं नाहीस तर पैसे पाण्यात. एका जनावराला एका बैठकीत मोजक्याच धावा, मग सुट्टी. उन्हाळ्यात पहाटे उरका. तुमच्याकडच्या जूनच्या दुपारी माणसानेही पळू नये.

राहिली आई. तिला सांगितलंस का? नाही ना? मला माहीत होतं. "गाईच्या शिंगाला दोर टाकता आणि वर बक्षीस घेता?" हे ती म्हणणार, आणि तिला उडवून लावता येणार नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवरून किती वर्षं कोर्टात भांडण चाललं, २०१४ मध्ये बंदी, २०२१ मध्ये अटी घालून परवानगी, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. आईच्या माहेरीच दोन पक्ष होते. इथेही आहेत. माझं मत विचारशील तर टीम रोपिंग हा दोरीच्या खेळांतला त्यातल्या त्यात सौम्य प्रकार आहे, गोऱ्हा बहुतेक वेळा पायांवर उभा राहतो. पण सौम्य म्हणजे बिनत्रासाचा नव्हे. जोरात ओढणारा हेडर आणि दोर सोडायला उशीर करणारा हीलर एकाच संध्याकाळी चांगलं जनावर अधू करतात. लेकीला पहिल्या दिवसापासून शिकव: निशाण पडलं की दोर ढिला. सेकंद गेले तरी चालतील.

आणि एक अवघड गोष्ट, ती तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. ही जनावरं रोपिंगला जड झाली की पुढे काय? खरं उत्तर असं की बहुतेक सेल बार्नमधून खाटिकखान्यात जातात. मेहुण्यांना चालेल, तुला चालणार नाही, आणि लेकीने तोपर्यंत प्रत्येकाला नाव ठेवलेलं असेल. जनावर पुढे कितीतरी वर्षं जगू शकतं, पण वाळवंटात चारा विकतच घ्यावा लागतो. म्हणून आधी भाड्याने घे. कोरिएंटेवाले हंगामापुरते गोऱ्हे देतात, हंगाम संपला की ते परत त्यांच्याकडे. हात झटकले असं होत नाही, पण निदान तुमच्या घरात तो निर्णय घाईने, रडारडीत होणार नाही. करारात मेलेल्या किंवा लंगड्या झालेल्या जनावराचं कोण भरणार, ते लिहून घे.

तर माझं सांगणं सरळ आहे. या हिवाळ्याला सहा ते आठ कोरिएंटे, सगळे एका मापाचे, साडेचारशे पौंडांच्या आतबाहेरचे, भाड्याने. मेहुण्यांना तो लाँगहॉर्न फारच आवडला असेल तर तो शोभेला घ्यावा, चूटमध्ये घालू नये. वाटुसीचं नाव लेकीचा हात बसल्यावर काढा. कुठलीही जनावरं घ्या, ब्रँड, म्हणजे जनावरावरचा डाग, तपासल्याचा कागद हातात आल्याशिवाय चेक फाडू नका. ॲरिझोनात त्याशिवाय विक्री पुरी होत नाही, आणि बाहेरच्या राज्यातून आणलीत तर व्हेटचा आरोग्य दाखलाही लागतो. कळपाचे फोटो मला आधी पाठव, समोरून आणि चालताना. आणि कुंपण साडेपाच फुटांचं करून घे, ते आजच.